एका वॉटचं ऋण

नेदरलँड्समधलं व्हेन्लो मी पाहिलेलं नाही. पण तिथल्या तंत्रसंस्थेत शिकणाऱ्या विल्यम लेयेनहोर्स्ट या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, तरुणाचं माझ्यावर ऋण आहे. त्यानं घडवलेला एक ट्रान्सपाँडर आणि भारतीय हॅम मंडळींनी इस्रोच्या साथीनं उभा केलेला दुसरा, असे दोन पोटात घेऊन ४२.५ किलोचा ‘हॅमसॅट’ ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ मधून गेला. यानातला मानाचा उपग्रह होता कार्टोसॅट-१; हा त्याच्या सोबतीला. जमिनीवरून ४३५ मेगाहर्ट्‌झवर कुणी बोललं की ते टिपायचं आणि १४५ मेगाहर्ट्‌झवर पुन्हा खाली सोडायचं, एवढंच त्याचं काम. खाली सोडण्याची ताकद एक वॉट. ज्याच्याकडे हॅमचा परवाना, त्याला तो खुला. ना भाडं, ना वर्गणी.

हे मला कळलं ते काकांमुळे. विरार स्टेशनजवळच्या गल्लीत त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते स्वतः जुने हॅम. मोर्स त्यांनीच शिकवलं, परवान्याच्या परीक्षेचा फॉर्मही समोर बसवून भरून घेतला. “बाय, आधी नुसती ऐक. इतक्यात बोलायचं नाव काढू नको,” म्हणाले. सुतार वापरतात ती स्टीलची मोजपट्टी कापून, पीव्हीसी पाइपावर बसवून त्यांनी मला हातात धरायची यागी अँटेना करून दिली. वायर केबलवाल्याकडच्या उरलेल्या तुकड्याची. पैसे विचारले तर विषय बदलायचे.

मनवेलपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीची चावी वरच्या मजल्यावरच्या मावशींकडे असे. रात्री दहानंतर एकट्या मुलीनं गच्चीवर जायचं म्हणून त्या स्वतः बरोबर येत, एका हातात टॉर्च, दुसऱ्या मनगटावरच्या घड्याळावर नजर. मी काय करते ते त्यांना पुरतं कळत नव्हतं, आणि तरीही त्यांनी कधी कंटाळा दाखवला नाही. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. रात्रीच्या फेरीला उपग्रह दक्षिणेकडून वर यायचा. पूर्वेला क्षितिजालगतचा पास असला तर जीवदानीच्या डोंगराआड जायचा. डोक्यावरून असला तर दहा-बारा मिनिटं हाती लागायची. तेवढ्यात अँटेना त्याच्यामागे वळवत न्यायची आणि घुंडीही फिरवत राहायची, कारण तो जवळ येऊन लांब जाताना डॉपलरमुळे फ्रिक्वेन्सी उतरत जाते. लोडशेडिंगची रात्र असली तर उत्तमच. आजूबाजूच्या ट्यूबलाइट आणि मोटारी बंद, रेडिओतली खरखर गळून पडलेली, आणि त्यातून कुणीतरी अनोळखी माणूस आपली खूण सांगत असायचा.

“आता कुठे पोचला गं?” मावशी विचारायच्या.

“पालघर.”

“म्हणजे डहाणूला लागलाच.” खरंच लागलेला असायचा. सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेग त्याचा.

हौशींनी घडवलेल्या उपग्रहांची ही माळ फार मागून आलेली आहे. १२ डिसेंबर १९६१ रोजी कॅलिफोर्नियातल्या हॅम मंडळींनी गॅरेजमध्ये जुळवलेला ऑस्कर-१ वर गेला तो रॉकेटातल्या भरतीच्या वजनाच्या जागी बसून. मोर्समध्ये तो फक्त ‘एचआय’ म्हणायचा. २८ देशांतल्या ५७० हून अधिक लोकांनी तो ऐकल्याचं कळवलं. काका हे सांगताना आकडे असे उच्चारत की जणू सगळे त्यांच्या ओळखीचे होते.

आणि मग आपल्याकडचा ‘स्वयम्’. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी २००८च्या सुमारास हाती घेतलेला, एक किलोचा, दहा सेंटीमीटरचा ठोकळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाला धरून स्वतःला सावरणारा. हॅमचे निरोप एका जागेहून दुसऱ्या जागी पोचवण्यासाठी केलेला. २२ जून २०१६ला पीएसएलव्ही-सी३४ मधल्या वीस उपग्रहांत तो होता. चार वर्षांची पदवी आणि आठ वर्षांचं काम! ज्यांनी ‘स्वयम्’चा पहिला आराखडा काढला ते केव्हाच कॉलेज सोडून गेले होते. नंतरच्यांनी वह्या उघडल्या आणि तिथून पुढे सुरुवात केली. आपण नसताना कुणीतरी सोल्डरिंग पुरं करील, या भरवशावर पहिला सांधा लावणाऱ्या त्या मुलांची मी न भेटताही ऋणी आहे.

हॅमसॅटच्या बॅटऱ्या जुलै २०१४ मध्ये गेल्या. एक-दोन वर्षांसाठी केलेला उपग्रह नऊ वर्षं राबला.

हॅममध्ये रिवाज आहे, बोलणं झालं की एकमेकांना क्यूएसएल कार्ड पाठवायचं. परवाना मिळाल्यावर माझ्या कार्डावर शेऱ्याच्या जागी मी लिहायची: ‘टॉर्च आणि वेळ : शेजारच्या मावशी’. श्रीलंकेतल्या एका हॅमनं उलट कार्डावर मावशींना वेगळा नमस्कार लिहिला. मावशींनी ते कार्ड जरा बघते म्हणून नेलं, ते अजून परत दिलेलं नाही. मी मागितलेलंही नाही.