मोकळी मेमरी

त्या स्क्रिप्टचा राग अजून गेलेला नाही. चार ओळींची होती, दर मिनिटाला चालायची आणि तीन आठवडे मी तिला औषध समजत होतो.

यंत्र नोकिया एन८१०, २००७ सालचं. पडदा वर सरकवला की खालून कीबोर्ड निघायचा. आत लिनक्स, मेमरी १२८ एमबी. पुणे-मुंबई रोजच्या गाडीत मी त्यावर लिहायचो, फोनच्या ब्लूटूथवरून नेट घेऊन. एकदा घाटात ब्राउझर आपोआप बंद पडला आणि टाइप केलेलं दीड पान गेलं. टर्मिनल उघडून ‘फ्री’ टाइप केलं, तर मोकळी मेमरी साडेतीन एमबी! सर्व्हर सांभाळणाऱ्या एका मित्राला दाखवलं. “अरे, भरलीय की! कॅश रिकामी करत जा,” म्हणाला आणि तिथल्या तिथे स्क्रिप्ट लिहून दिली.

आकडा साडेतीनवरून थेट चाळीसवर. काय बरं वाटलं!

पण नोंदवही उघडायला आता दुप्पट वेळ लागू लागला. मेनूसुद्धा अडखळायचा. मला वाटलं, अजून मेमरी हवी; म्हणून पडद्यावरचं घड्याळ काढलं, बातम्यांची पट्टी काढली. आकडा वाढत गेला, यंत्र मंदच राहिलं.

जी कॅश मी दर मिनिटाला उपसून टाकत होतो, ती अडगळ नव्हतीच. फ्लॅशवरून एकदा वाचलेल्या फायली लिनक्स रिकाम्या जागेत ठेवून देतं. कुणाला जागा हवी झाली की त्या क्षणात सोडतं. एन८१०च्या फ्लॅशवर फायली दाबून, कॉम्प्रेस करून ठेवलेल्या असतात. म्हणजे माझ्या स्क्रिप्टनंतर बिचारा ४०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर तीच फाईल पुन्हा वाचत होता, पुन्हा उलगडत होता. दर मिनिटाला! आणि मोकळी केलेली ती जागा नुसती पडून असायची.

खरी अडचण ब्राउझरची होती. त्याने स्वतः मेमरीत मांडलेलं सामान असं सोडून देता येत नाही, ते कुठेतरी हलवावंच लागतं. हलवायला जागा नव्हती, म्हणून कर्नल ब्राउझरलाच मारत होतं. स्क्रिप्ट काढून टाकली, आतल्या कार्डावर १२८ एमबीची स्वॅप चालू केली आणि ब्राउझरच्या दोनच खिडक्या उघड्या ठेवायची सवय लावली. त्यानंतर लिहिलेलं कधी गेलं नाही. स्वॅपमुळे कार्ड झिजतं हे मला माहीत आहे. झिजू दे. दीड पान पुन्हा लिहिता येत नाही.

मेमरी मोकळी करून देतो असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा, कुठली मेमरी? मित्राला मी हे विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

परवा कपाट आवरताना ते यंत्र सापडलं. चार्जर लावला, सुरू झालं. बोटांनी पहिल्यांदा ‘फ्री’च टाइप केलं. मोकळी मेमरी चार एमबी. सगळं माहीत असूनही पोटात गोळा आलाच.