मूळ रकाना

हर्बेरियममधला नमुना म्हणजे जाड कागदावर डकवलेली वाळलेली वनस्पती आणि उजव्या खालच्या कोपऱ्यातलं लेबल. ही माहिती संगणकात भरणाऱ्यांचा सगळा जीव त्या लेबलात अडकलेला असतो. वनस्पती कोणती, हे तज्ज्ञ उद्याही सांगेल. ती कुठे आणि कधी मिळाली, हे लेबलाशिवाय कोण सांगणार?

लेबलावर ‘खंडाळा, ३-९-९८’ एवढंच आहे असं धरा. आधी शतकाचा प्रश्न. कागद, हस्ताक्षर, संग्राहकाचं नाव यांवरून १८९८ ठरतं. मग ३ सप्टेंबर की ९ मार्च? नमुना फुललेल्या रानतेरड्याचा असेल तर मार्च बाद. हे सगळं ठरवून तारीख एक्सेलमध्ये घालावी, तर तिथला काळ १९०० साली सुरू होतो! त्याआधीची तारीख त्याच्या लेखी नुसता मजकूर. चढता क्रम लावला की एकोणिसावं शतक विसाव्याच्या मागे जाऊन बसतं. म्हणून आम्ही वर्ष, महिना, दिवस वेगळे लिहितो आणि चौथ्या रकान्यात लेबलावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवतो. जैवविविधतेच्या नोंदींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘डार्विन कोअर’ या प्रमाण आराखड्यात त्यासाठी खास जागा आहे. माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा रकाना.

आता खंडाळा. लोणावळ्याशेजारचं की सातारा जिल्ह्यातलं? त्याच संग्राहकाचे त्या आठवड्यातले इतर नमुने काढून पाहावे लागतात. घाटातलं ठरलं, की नकाशा गावाच्या मध्यावर बोट ठेवून सहा दशांश स्थळांपर्यंत अक्षांश-रेखांश देतो. सहा दशांश स्थळं म्हणजे वीतभरही जागा नाही, आणि तो माणूस तर दिवसभर डोंगर हिंडला असणार. तिथे पाच किलोमीटरचा फरक म्हणजे घाटमाथा की खोपोलीचा पायथा, एवढा फरक. म्हणून शेजारी ‘५००० मीटर इकडेतिकडे’ अशी अनिश्चितता लिहायलाच हवी. तो रकाना रिकामा सोडणं मला खोटी साक्ष देण्यासारखं वाटतं.

नावांचंही तेच. आपली शिंदळ माकुडी ही वनस्पती वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने मुंबईचे गव्हर्नर फ्रियर यांच्या नावे ‘फ्रेरिया इंडिका’ म्हणून नोंदवली. पुढे ती ‘बौसेरोसिया’त गेली, मग ‘सेरोपेजिया’त. नावं एकमेकांशी जोडली नाहीत, तर कड्यावरची एक दुर्मीळ वनस्पती संगणकात तीन होते. हर्बेरियममध्ये नाव बदललं तरी जुनं लेबल कुणी काढत नाही, शेजारी नवी चिठ्ठी डकवतात. संगणकातही हीच शिस्त हवी. शिंदळ माकुडीच्या जागेबद्दल मात्र उलट काळजी: नेमकं ठिकाण उघड केलं की झाडं उपटून नेणारे पोचतात. निसर्गनोंदींच्या ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर अशा जातींचं स्थान ०.२ अंशांच्या चौकोनात विखरून दाखवतात, ते योग्यच आहे. खरा आकडा मूळ नोंदीत सुरक्षित राहतो.

तुमच्या घरात कुणाची पक्ष्यांची, झाडांची जुनी वही असेल, तर ती टाइप करण्याआधी पानन् पान फोटोत घ्या. ‘ओढ्यापलीकडचं रान’ लिहिलं असेल तर तेच शब्द उतरवा, मनाने गाव घालू नका. आणि टाइप झाली म्हणून वही रद्दीत देऊ नका.