फतेगंज आणि पाचशे सत्त्याहत्तर

गेल्या पौषात कॅनडातून आमचा भाचा महिनाभर राहून गेला. तिकडच्या हिवाळ्याला कंटाळून आलेल्या मुलाला बडोद्याची थंडी म्हणजे खेळच वाटे. आम्ही पहाटे शालीत गुरफटून बसलेले असताना तो अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून अंगणात उभा! संध्याकाळी मात्र तो माझ्याबरोबर फिरावयास येई. फतेगंजातले आमचे घर सोडून विद्यापीठाच्या वसतिगृहांवरून पॅव्हिलियनच्या मैदानापर्यंत जायचे, तेथे घटकाभर टेकायचे आणि परतायचे, असा माझा गेल्या कित्येक वर्षांचा परिपाठ आहे.

ज्या वाचकांचा बडोद्याशी संबंध केवळ मांडवी, न्यायमंदिर आणि लक्ष्मीविलास राजवाडा यांच्यापुरता असेल, त्यांना फतेगंज थोडे परके वाटेल. आमचे मूळ घर दांडिया बाजारात. तेथे वाडे, ओटे आणि एकमेकांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचणारी मराठी आळी. फतेगंज म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी ‘कॅम्प’. इंग्रजी छावणीची ही वस्ती. सरळ रस्ते, मोठाली झाडे, रविवारी प्रार्थनेची घंटा आणि शेजारी गुजराती, मराठी, दक्षिणी अशा नाना भाषा बोलणारी घरे. आज येथे उड्डाणपूल आहे, खाण्याच्या गाड्यांवर विद्यार्थ्यांची झुंबड आहे. लष्कराच्या आवारातले दक्षिणामूर्तीचे देऊळ ॲल्युमिनियमचा घुमट घेऊन उभे आहे. छावणी गेली, पण कोठून तरी बदलून आलेल्या माणसांची वस्ती, हे तिचे रूप काही गेले नाही.

फिरताना भाचा त्याच्या गावच्या गोष्टी सांगे. तिकडे बर्फावरची हॉकी हा लोकांचा जीव की प्राण. तिची सर्वांत मोठी संघटना १९१७ साली स्थापन झाली. पण तिच्या खाली धाकट्या व्यावसायिक मालिकाही आहेत, त्यांतली एक तर १९३६ पासून अखंड चालू आहे. लहान शहरांचे संघ पगार देऊन तरुण पोरे आणतात. ऑक्टोबरात मोसम सुरू होतो, वसंतापर्यंत चालतो. कोण वर चढतो, कोण दुसऱ्या शहराला दिला जातो, कोणाचे नाव पुढल्या वर्षी कोणी काढत नाही. गावकरी मात्र दर थंडीत तितक्याच उमेदीने प्रेक्षागृहात जाऊन बसतात.

“आपल्या गावचा म्हणून ज्याच्यासाठी घसा कोरडा करायचा, तो चार महिन्यांपूर्वी आलेला असतो, मामा. मग तो संघ आपला कसा?” एके दिवशी त्याने विचारले.

मी म्हणालो, “हा प्रश्न तू बडोद्यात विचारतोस, हे बरे केलेस.”

आणि मग मला माझ्या वडिलांचा मार्च १९४७ सांगावा लागला.

वडील तेव्हा संस्थानच्या खानगी खात्यात कारकून होते. १९४६-४७ चा रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोद्यात होता, आणि प्रतिस्पर्धी होते इंदूरचे होळकर. आदल्याच वर्षी होळकरांनी बडोद्याला अंतिम सामन्यात हरवून करंडक नेला होता. तेव्हा ही लढत दोन मराठी दरबारांच्या मानापमानाची होऊन बसली होती. होळकरांकडे कर्नल सी. के. नायडू होते, पन्नाशी उलटलेले. मुश्ताक अली होता, सरवटे होता. आपल्या खेळाडूंना नोकऱ्या देऊन आणायचे, हा दोन्ही दरबारांचा शिरस्ता. आज ज्याला व्यावसायिक खेळ म्हणतात, त्याचे ते संस्थानी रूप होते. पगारपत्रकावर हुद्दा काहीही असो, माणूस आणलेला असे तो बॅटीसाठी किंवा चेंडूसाठी.

बडोद्याचा विजय हजारे असाच आलेला. सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. १९३९-४० च्या मोसमात महाराष्ट्राकडून खेळताना त्याने पुण्यास नाबाद ३१६ धावा काढल्या, त्या कोणाविरुद्ध? तर बडोद्याविरुद्धच! पुढे तोच बडोद्याकडून खेळू लागला. ज्याने आपल्याला झोडपले त्यालाच पदरी ठेवावे, हा जुना राजनीतीचा धडा दरबार विसरला नव्हता, असे वडील हसून म्हणत. त्याचा जोडीदार गुल महंमद लाहोरचा, अंगाने ठेंगणा, डावखुरा आणि मोठा धिटाईचा.

होळकरांचा पहिला डाव २०२ धावांत आटोपला. बडोद्याचे तीन गडी ९१ वर बाद झाले, तेव्हा हे दोघे एकत्र आले. त्यानंतर जे झाले ते वडिलांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकले आहे की, मी स्वतः मैदानावर होतो असा कधी कधी भास होतो. ५३३ मिनिटे, म्हणजे जवळजवळ नऊ तास, ही जोडी फुटली नाही. धावफलक ६६८ वर गेला तेव्हा कोठे ती फुटली. जोडीच्या धावा ५७७. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याचा डाव ७८४ वर संपला आणि होळकर दुसऱ्या डावात १७३ धावांत बाद झाले. एक डाव आणि ४०९ धावांनी बडोद्याने करंडक परत आणला.

कोणत्याही जोडीने कोठेही केलेली ती सर्वांत मोठी भागीदारी होती, आणि २००६ साली कोलंबोस संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा करीपर्यंत तो मान बडोद्याकडेच होता. चौथ्या जोडीचा विक्रम म्हणून ५७७ चा आकडा आजही उभा आहे.

वडील येथपर्यंत रंगून सांगत, आणि मग त्यांचा आवाज खाली येई. कारण पाच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. बडोद्याच्या संघातून खेळलेला अमीर इलाही, तोही लाहोरचाच, पुढे पाकिस्तानकडून भारताविरुद्ध उतरला. गुल महंमद मात्र मागे राहिला. १९५२-५३ साली पाकिस्तानचा संघ येथे आला तेव्हा तो भारताकडून खेळला. काही वर्षांनी तोही गेला आणि १९५६ साली पाकिस्तानच्या वतीने एक कसोटी खेळला. लाहोरातच १९९२ साली त्याचा अंत झाला. हजारे बडोद्याचेच झाले आणि डिसेंबर २००४ मध्ये येथेच वारले. एका धावफलकावर शेजारी शेजारी लिहिलेली ती दोन नावे अशी दोन देशांत विसावली.

१९४९ साली संस्थान विलीन झाले. वडिलांचे खाते गेले. दरबारची नोकरी गेल्यावर आपण बडोद्याचे कोण, हा प्रश्न त्या वर्षी पुष्कळ मराठी घरांत दिव्याखाली बसून विचारला गेला असेल. आमच्या घरात तो विचारला गेला, हे मी आईकडून ऐकले आहे. आजोबा साताऱ्याकडून चाकरीसाठी आले होते. चाकरी संपली, मग परत जायचे का? साताऱ्यात आता कोण होते? वडिलांनी बिऱ्हाड हलविले नाही. दुसरी नोकरी धरली, आणि १९६२ साली फतेगंजातले हे घर घेतले.

भाच्याने मध्येच विचारले, “आणि संघाचे काय झाले?”

तेच तर सांगावयाचे होते. होळकरांचा संघ १९५५ नंतर त्या नावाने राहिला नाही. बडोद्याचा राहिला. १९४९-५० साली त्याने पुन्हा होळकरांनाच हरवून करंडक जिंकला. १९५७-५८ साली दत्ताजीराव गायकवाडांच्या नेतृत्वाखाली सेनादलाला हरवून तो आणला, तेव्हा चाळिशी ओलांडलेले हजारे संघात होतेच. मग मात्र त्रेचाळीस वर्षांचा उपवास घडला. त्या काळात अंशुमन गायकवाड, किरण मोरे, नयन मोंगिया अशी बडोद्याचीच पोरे देशाकडून खेळली. पण करंडक नव्हता. तो आला २००१ साली. जेकब मार्टिनच्या संघाने रेल्वेला अवघ्या २१ धावांनी हरवले, आणि शेवटच्या डावात पाच बळी घेतले ते श्रीरामपूरहून आलेल्या झहीर खानने!

म्हणजे पुन्हा बाहेरचाच. पण त्या दिवशी फतेगंजात ज्यांनी पेढे वाटले, त्यांच्यापैकी एकालाही त्याचे गाव विचारावेसे वाटले नाही. पाठोपाठ मांडवीच्या जुम्मा मशिदीच्या आवारात वाढलेले पठाण बंधू आले, मग पंड्या बंधू आले. हार्दिकचा जन्म सुरतेचा. हिशेब मांडावयास बसलो तर मूळचा बडोद्याचा असा कोण, हे सांगणे अवघड होऊन बसेल, आणि तो हिशेब आमच्या घरापर्यंतही येऊन पोहोचेल.

मी भाच्याला म्हणालो, “हजारे पगारावर आले, तुझे पणजोबाही पगारावरच आले. आणणाऱ्याने कशासाठी आणले, हे एक. पगार बंद झाल्यावर माणूस कोठे राहिला, हे दुसरे. मी दुसऱ्यावरून मोजतो.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आणि गुल महंमद? तो तर गेला.”

याला माझ्याजवळ नीटसे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. इतकेच सांगता येईल की, ५७७ हा आकडा उच्चारताना त्याच्या ३१९ धावा वगळता येत नाहीत. वडिलांनीही त्या कधी वगळल्या नाहीत. फाळणीनंतरच्या कडवट दिवसांतही ते ‘आपला गुल महंमद’ असेच म्हणत.

आम्ही पॅव्हिलियनच्या कठड्याशी पोहोचलो होतो. उन्हे कलली होती. सात-आठ पोरे रबरी चेंडूने खेळत होती. एकाचा चेंडू घरंगळत आमच्या पायाशी आला. भाच्याने तो उचलून फेकला, तो नेमका यष्ट्यांजवळ! पोरांत कुजबूज झाली, आणि त्यांच्यातला एक धीट मुलगा पुढे येऊन म्हणाला, “काका, रमवुं छे? एक ओछो छे.”

एक गडी कमी होता. भाच्याने माझ्याकडे पाहिले, घड्याळ काढून माझ्या हातात दिले आणि तो सीमेकडे धावत गेला. तो कोठला, किती दिवसांचा पाहुणा, हे त्याला कोणी विचारले नाही. अंधार पडून चेंडू दिसेनासा होईपर्यंत मी तेथे कठड्यावर बसून राहिलो.