ताणावरची बाग

संत्र्याची बाग पाहायला लोक जातात ते फळ रंगावर आले की. वाचकहो, आपण एकदा मे महिन्यात जाऊन पाहा. वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेस आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत बागांमागून बागा लागतात. पण त्या दिवसांत त्यांतील अनेक बागा मरणपंथाला लागल्यासारख्या दिसतात. आळी कोरडी, पाने फिकट, काही गळून बुंध्याशी पडलेली. वास्तविक ही झाडे आजारी नसतात, ताणावर असतात. उन्हाळ्यात ज्यांच्या विहिरीला पाणी कमी, ते बहुधा मृग बहार धरतात. महिना-दीड महिना ओलित बंद ठेवायचे, झाडाची वाढ थांबवायची, म्हणजे पहिल्या पावसाबरोबर ते फुलते.

फळ नसले तरी घरातल्या कोणाला उसंत नसते. वाळलेल्या फांद्यांची सल काढायची, पाणसोट छाटायचे, आळी नीट करायची. पावसाळ्यापूर्वी बुंध्याला जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत बोर्डो मलम लावायचे, नाहीतर डिंक्या रोग खोड पोखरतो. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे, लोखंडाचे चालत नाही. चुना भिजताना उकळतो, उडतो. डोळ्यात गेला तर चोळू नये. वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावे आणि तसेच दवाखाना गाठावा.

मलम बसून लावता येते, म्हणून ते काम घरातल्या वडीलधाऱ्यांकडे येते. आष्टीकडच्या एका बागेतले माझे रुग्ण, वय 74, कुंचा घेऊन सकाळी दहाला बसत ते दोनपर्यंत उठत नसत. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढविणारे औषध होते. रात्री उठावे लागते म्हणून दिवसाही पाणी बेताचेच पीत. एका दुपारी सून भाकरी घेऊन गेली, तर मामंजी झाडाला टेकून असंबद्ध बोलत होते. अंग तापलेले, घाम नाही. झोपेत बरळतात असे समजून ती परतली असती तर हा लेख मी वेगळ्या शब्दांत लिहिला असता. तिने त्यांना सावलीत आडवे केले, सदरा काढला, घागरभर पाणी अंगावर ओतले आणि पदराने वारा घालीत मुलाला 108 ला फोन करायला लावला. तोंडात पाणी घातले नाही, हे तिचे फार मोठे शहाणपण. अर्धवट शुद्धीत ते श्वासनलिकेत जाते. अशा तापावर पॅरासिटामॉल देऊन काही साधत नाही. शरीर थंड करणे हाच पहिला उपचार.

पुढे मी त्यांच्या बागेत गेलो तेव्हा ते खाटेवर बसून मलाच शेती शिकवीत होते. “झाडाले तहान लागू द्या लागते डॉक्टरसाहेब, मंगच ते फुलते.” मी म्हटले, “झाडाला तहान लागल्याचे पानावरून तुम्हाला कळते. तुमची तहान तुम्हाला कळते का?” ते हसले, उत्तर दिले नाही. उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते. म्हणून तहान लागेल तेव्हा पिऊ, हा हिशेब उन्हाळ्यात चुकतो. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर किती प्यावे हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. गोळीही मनाने बंद करू नये. चैत्र लागताच एकदा तपासून घ्यावी, मात्रा बदलायची असल्यास ते बदलतील.

त्या घराने काम मोडले नाही, वेळ मोडली. आता मामंजी सहाला बसतात, नऊला उठतात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पुन्हा तासभर. हातांत रबरी मोजे असतात, ते त्यांना मुळीच आवडत नाहीत. शेजारच्या फांदीला सुनेने दोन लिटरची पाण्याची बाटली टांगली आहे आणि तिच्यावर तिने कोळशाने तीन रेघा ओढल्या आहेत. नऊ वाजता ती येते, आधी बाटलीकडे पाहते आणि मग किती बुंधे झाले ते विचारते.