चाके नसलेली गाडी

वाचकहो, रक्तदाब, मधुमेह, गुडघ्यांची झीज हे नित्याचे विषय आज बाजूला ठेवून मी आपल्याशी एका छंदाविषयी बोलणार आहे. पक्षाघातातून उठलेल्या आप्ताची शुश्रूषा आपल्यापैकी जे करीत असतील, त्यांनी तो विशेष लक्षपूर्वक वाचावा, अशी विनंती आहे. छंद तसा पोरकट वाटण्याजोगा आहे. मलाही तो माझ्या भाचीमुळेच ठाऊक झाला.

त्याचे नाव किटबॅशिंग. विमान, रणगाडा, मोटार, जहाज यांच्या छोट्या प्रतिकृती जोडण्यासाठी प्लास्टिकच्या सुट्या भागांचे संच बाजारात मिळतात. सोबत सूचनापत्रक असते आणि खोक्यावरील चित्रासारखी वस्तू शेवटी तयार व्हावी, अशी अपेक्षा असते. किटबॅशिंग करणारा ते पत्रक मिटून ठेवतो. रणगाड्याचा तळ, बाँबफेकी विमानाची इंजिने, मोटारीचा दर्शनी भाग, जोडीला औषधाच्या बाटलीचे झाकण, असे निरनिराळ्या घरचे पाहुणे एकत्र आणून तो जगात कुठेच नसलेले वाहन उभे करतो. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील अंतराळयाने कारागिरांनी अशीच घडविली होती. जवळून पाहिल्यास त्यांच्या अंगावर रणगाड्यांचे आणि विमानांचे सुटे भाग ओळखू येतात. त्याच चित्रपटात वाळवंटावरून जमिनीला न टेकता जाणारी एक गाडी आहे. तिला प्रत्यक्षात तीन चाके होती. कडेला खाली आरसे लावून ती लपविली होती. आरशात वाळूच दिसे आणि प्रेक्षकाला गाडीखाली पोकळी असल्याचा भास होई.

आपल्याकडील मुलांना ही कला कोणी शिकवावी लागत नाही. दिवाळीत मनवेलपाड्यातल्या इमारतींच्या आवारात, दुचाकी गाड्या सरकवून मिळालेल्या दोन हात जागेत, आजही किल्ले उभे राहतात. खाली विटा, वर पोते, त्यावर चिखल, उतारावर पेरलेले अळीव. महाराजांची मूर्ती महाद्वाराहून उंच, मावळा तटापेक्षा मोठा आणि पायथ्याशी प्लास्टिकचा ट्रॅक्टर. प्रमाणाची एवढी सरमिसळ असूनही तो किल्ला नव्हे, असे म्हणण्याची कोणाची छाती होत नाही.

किटबॅशिंगमध्ये मात्र ही सरमिसळ लपवावी लागते आणि तिथेच डोक्याला काम लागते. विमानांचे बहुतेक छोटे संच १:७२ या प्रमाणात असतात, रणगाड्यांचे १:३५ आणि मोटारींचे पुष्कळदा १:२४. साडेपाच फूट उंचीचा माणूस पहिल्या प्रमाणात सुमारे २३ मिलिमीटर भरतो, दुसऱ्यात ४८ आणि तिसऱ्यात ७०. तेव्हा तिन्ही संचांतील भाग एकत्र आणताना एक पथ्य पाळावे लागते: माणसाशी संबंध येणारी प्रत्येक वस्तू एकाच मापाची हवी. आसन, दार, शिडी, मूठ यांवरूनच आपला डोळा वाहन किती मोठे आहे, ते ठरवितो. उरलेल्या भागांना असे बंधन नाही. विमानाच्या इंजिनाचे आवरण पंखा म्हणून लावा, नाहीतर दिवा म्हणून. सगळ्यावर एकच करडा रंग चढला की कोणता भाग कोणत्या खोक्यातून आला, हे ओळखता येत नाही.

आता अण्णांविषयी. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७८. पश्चिम रेल्वेच्या लोअर परळ येथील डबे दुरुस्तीच्या कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून चौतीस वर्षे काढली; पहाटेची विरार लोकल, संध्याकाळची विरार लोकल. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आम्ही तेवढ्या वेळात रुग्णालयात पोहोचलो. जीव वाचला, चालणेही पुष्कळसे परतले. मागे राहिले दोन: उजवा हात आणि वाणी.

उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे केंद्र डाव्या अर्धगोलात असते आणि शरीराच्या उजव्या बाजूचे चलनवलनही तोच अर्धगोल सांभाळतो. त्यामुळे हे दोन आघात पुष्कळदा जोडीने येतात. बोलणे हरपण्याच्या या अवस्थेला वाचाघात म्हणतात. वाचाघात म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, हे मी रुग्णांच्या घरच्यांना वारंवार सांगत असते. समोर किल्ली आहे, ती कशासाठी आहे, कोणत्या कुलपाची आहे, हे सारे माणसाला ठाऊक असते. फक्त ‘किल्ली’ हा शब्द ओठांवर येत नाही. अशा माणसाशी मोठ्याने किंवा लहान मुलाशी बोलावे तसे बोलणाऱ्यांचा मला, खरे सांगते, राग येतो. वाक्य छोटे असावे, एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. आपल्याला ते थांबणे फार लांबल्यासारखे वाटते, पण त्याला तेवढा वेळ हवाच असतो.

अण्णांकडे दोन शब्द उरले होते: ‘थांब’ आणि ‘ते’. वाचा-उपचारतज्ज्ञ बाई आठवड्यातून दोनदा येत. चित्रांची कार्डे दाखवून नावे विचारीत: चष्मा, कप, छत्री. ही पद्धत योग्यच आहे आणि तिने लाभही होतो. परंतु आयुष्यभर हाताखालच्या पोरांना पाना आणि कानस यांची नावे शिकविलेल्या माणसाला रोज दहा वेळा ‘छत्री’पाशी अडखळावे लागत होते. हळूहळू ते कार्ड दिसताच तोंड भिंतीकडे फिरवू लागले. हाताच्या व्यायामासाठी दिलेला स्पंजाचा चेंडू दोनदा पलंगाखाली गेला. तो आपोआप गेला असे मला वाटत नाही. पक्षाघातानंतर सुमारे तिघांपैकी एकाला नैराश्य ग्रासते. घरचे त्याला हट्ट म्हणतात आणि उपचार राहून जातो. अण्णांना त्यासाठी औषधही सुरू करावे लागले होते.

त्याच सुमारास, दिवाळीच्या साफसफाईत, भाचीच्या अर्धवट सोडलेल्या संचांचे खोके माळ्यावरून खाली आले. त्यात एक रणगाडा होता, त्याची एका बाजूची चाके हरवलेली. एक चार इंजिनांचे विमान होते, पंख मोडलेले. एका मोटारीचे नुसते पुढचे तोंड होते. तिने ते जेवणाच्या टेबलावर ओतले आणि त्यातून एक अधांतरी तरंगणारी गाडी करायची आहे, असे जाहीर केले. अण्णा समोरच बसले होते. त्यांनी डाव्या हाताने एक वाटोळा तुकडा उचलला, डोळ्यांजवळ नेला, फिरवून पाहिला आणि रणगाड्याच्या तळाशी धरला.

त्या तुकड्याचे नाव काय, हे भाचीला सांगता येईना आणि मलाही. विमानात तो इंजिनाचे आवरण असेल, पण आता तो विमानात नव्हता आणि गाडीत तो काय होणार, हे ठरायचे होते. पुढले कित्येक आठवडे त्या टेबलाशी बसलेली सगळीच माणसे ‘ते’, ‘हे’, ‘ते तिकडचं’ याच भाषेत बोलत होती. घरात इतर सर्वत्र अण्णा शब्दांवाचून अडत होते. इथे शब्द कोणाजवळच नव्हते. आणि भाग कुठे बसेल, याची जाण मात्र आमच्या तिघांत सर्वाधिक त्यांच्याकडेच होती. भाचीने काही वाकडे लावले की ‘थांब’ येई. तो शब्द तिथे अगदी चपखल होता.

खोक्यावरील चित्र समोर नसणे, हेही मला वैद्यक म्हणून महत्त्वाचे वाटते. सूचनापत्रकाप्रमाणे जोडायचा संच दिला असता तर थरथरत्या हाताची प्रत्येक चूक चित्राशी ताडून दिसली असती. इथे एक तुकडा तिरका चिकटला, तर त्याच्या जोडीचा दुसराही तिरका लावला आणि ती रचनाच होऊन बसली.

सहाव्या आठवड्यात रणगाड्याचा तळ नीट बसेना. भाचीने चार प्रकारे धरून पाहिले. अण्णा म्हणाले, ‘उलटं.’ तळ पालथा केला आणि बसला. हा चमत्कार नव्हे, हे मी आवर्जून लिहिते. वाचा-उपचार चालूच होते, औषध चालू होते आणि वाणी पहिल्या काही महिन्यांनंतरही हळूहळू सुधारत राहू शकते. एवढेच म्हणते, की हा शब्द कार्डावर नव्हता आणि तो कोणी त्यांना विचारलाही नव्हता.

हाताचे म्हणाल तर मेंदू नव्याने शिकतो तो पुनरावृत्तीने आणि ती पुनरावृत्ती काही हेतूने झाली तर माणूस ती टिकवितो. चेंडू दहा वेळाही न दाबणारा हात कपड्यांचे चिमटे चाळीस वेळा दाबू लागला, कारण डिंक वाळेपर्यंत दोन भाग चिमट्यानेच धरून ठेवायचे होते. प्रारंभी उजवा हात नुसता कागद दाबून धरी. मग मळलेल्या कणकेच्या गोळ्यात खोवलेला भाग स्थिर ठेवू लागला. ब्रश धरायला चार महिने लागले; ब्रशाच्या दांड्याला सुतळी गुंडाळून तो जाड केला होता.

आपल्या घरी हा खेळ मांडणार असाल तर काही गोष्टी सांभाळा. सुऱ्या-पात्यांऐवजी लहान निपर आणि नखे घासायची कानस वापरा. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर बारीक कापल्यावरही रक्त लवकर थांबत नाही. स्वच्छ कापडाने दहा मिनिटे, मध्ये उचलून न पाहता, दाबून धरा. मधुमेहामुळे बोटांची संवेदना मंदावली असेल तर जखम झाल्याचे कळतही नाही, म्हणून उठण्यापूर्वी दोन्ही हात पाहावेत. फेविक्विकसारखा झटपट डिंक शुश्रूषा करणाऱ्यानेच लावावा. बोटे चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा. डोळ्यात गेला तर पाण्याने धूत राहून तडक डॉक्टरांकडे जा. हा डिंक कापसावर किंवा सुती कापडावर सांडला तर तापतो आणि भाजू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फवाऱ्याचा रंग दम्याच्या रुग्णाजवळ नकोच. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग पुरतो. वस्तू तोंडात घालण्याची सवय लागलेल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला बारीक तुकडे देऊ नका आणि खेळण्यांतले बटणाएवढे सेल तर घरात कोणाच्याच हाती लागू देऊ नका. ते गिळले गेल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे लागते. उजेड भरपूर हवा, खुर्चीला हात हवेत आणि लुळा हात टेबलावर टेकलेला हवा, लोंबता नको. वीस-पंचवीस मिनिटांत थकवा येतो, तेव्हा काम अर्धे असले तरी उठावे.

महागडे संच आणण्याची गरज नाही. आमच्या गाडीचे चार झोत म्हणजे खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या मापाच्या टोप्या आहेत, मागची टाकी म्हणजे ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची रिकामी डबी आणि दिवे म्हणजे गोळ्यांच्या पाकिटाचे फुगीर खळगे. सुई आणि रक्त लागलेली कोणतीही वस्तू अर्थातच वर्ज्य. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याचे काम वर्षानुवर्षे केले, त्यासाठी त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कृती नातवंडांसोबत करून पाहण्याजोग्या आहेत. आणि अधांतरी चालणारे खरेखुरे वाहनही अशाच डबड्यांतून जन्मले आहे. इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर कॉकरेल यांनी १९५५ साली मांजराच्या खाद्याचा डबा कॉफीच्या डब्यात ठेवला, दोहोंमधल्या फटीतून हवा सोडली आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तिचा दाब मोजला. त्यातून निघालेले हॉवरक्राफ्ट २५ जुलै १९५९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडून गेले.

भाचीने ही गोष्ट अण्णांना सांगितली तेव्हा ते डब्यांपाशी हसले, वजनकाट्यापाशी मात्र त्यांनी मान डोलावली.

शुश्रूषा करणाऱ्यांना सर्वांत जड जाते ते आपले हात आवरणे. समोरचा माणूस एक तुकडा बसविण्यासाठी पाच मिनिटे झगडत असतो आणि आपल्याला तो पाच सेकंदांत लावता येईल, हे आपल्याला दिसत असते. माझ्या आईने यावर उपाय काढला. ती त्या वेळी शेंगा सोलायला बसते, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले राहतात.

गाडी साडेपाच महिन्यांत पुरी झाली. पारदर्शक बॉलपेनच्या नळीवर ती तोललेली आहे आणि खाली जुनी सीडी आहे. तिच्या चकाकीत गाडीचा तळ दिसतो, म्हणून ती आणखी वर असल्यासारखी वाटते. आता दुसरीचे काम काढले आहे. तिच्या पोटाखाली रणगाड्याची उरलेली चाके लावावीत, असा अण्णांचा आग्रह आहे. तरंगणाऱ्या गाडीला चाके कशाला, असे भाचीने दोनदा विचारून पाहिले. ते चाके पुन्हा तिथेच नेऊन ठेवतात आणि म्हणतात, ‘थांब.’