आबांचा खांदा आणि बिनड्रायव्हरची गाडी

आमच्या आबांचा डावा खांदा उजव्या खांद्यापेक्षा दोन बोटे खाली होता. सदरा शिवायला टाकला की शिंपी माप घेताना थबकायचा आणि विचारायचा, "मोडला होता काय हो?" आबा म्हणायचे, "मोडला नाही, झिजलाय." एकवीस वर्षे त्यांनी त्या खांद्यावर साहेबलोकांच्या गोल्फच्या पिशव्या वाहिल्या. एका पिशवीत चौदा काठ्या, वर चेंडू, छत्री, पाण्याची बाटली, सगळे मिळून बारा-पंधरा किलो. अठरा होलची एक फेरी म्हणजे उन्हातान्हात सहा-सात किलोमीटर चाल. सकाळी एक फेरी मिळाली तर चूल पेटायची, दुपारी दुसरी मिळाली तर तेलात भाजी पडायची.

वाचकहो, आमच्यासारख्या माणसाने गोल्फवर लिहावे याचे तुम्हांला नवल वाटेल. आम्ही हा खेळ कधी खेळलो नाही आणि आता या गुडघ्यांनी खेळणारही नाही. पण दिवाळीच्या आसपास, म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरात, आम्ही उभयतां जपानला धाकट्याकडे राहून आलो. तिथे आपली आपण चालणारी गोल्फची गाडी पाहिली, आणि तेव्हापासून आबांचा तो खांदा डोळ्यांपुढून हलत नाही.

आधी थोडे मागचे सांगितले पाहिजे. आमचे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या गावी महारकीच्या पाळीवर होते. मामलेदार आला, फौजदार आला की त्याचे बोचके पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचवायचे. त्याला मजुरी नव्हती. वतन होते ना! बाबासाहेबांनी या वतनाच्या जोखडाविरुद्ध मुंबई कायदे कौन्सिलात १९२८ साली बिल आणले. वतने प्रत्यक्ष खालसा व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. बोचके खाली ठेवून आबा १९७२ च्या दुष्काळात शहरात आले, आणि वस्तीतल्या एका मामांनी त्यांना नेऊन उभे केले ते गोल्फच्या मैदानाच्या फाटकावर. पुन्हा ओझेच!

आम्ही कळत्या वयात एकदा त्यांना हे बोललोही. "आजोबांनी फौजदाराचे वाहिले, तुम्ही साहेबांचे वाहता, फरक काय?" आबा रागावले नाहीत. म्हणाले, "फरक असा, की मला नाही म्हणता येतं. आणि संध्याकाळी पैसे हातात पडतात." आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, मोर्चांत घोषणा देत होतो. आम्हांला ते उत्तर फारच लहान वाटले. आज तसे वाटत नाही.

कॅडी म्हणजे गोल्फचा हमाल, अशी पुष्कळांची समजूत असते. आमचीही होती. एका सोमवारी आबा आम्हांला मैदानावर घेऊन गेले. सोमवारी मैदान सभासदांना बंद असे आणि कॅडी मंडळी टाकून दिलेल्या काठ्यांनी आपसांत खेळत. आबांच्या हाती एकच काठी होती, तिची मूठ सायकलच्या ट्यूबने गुंडाळलेली. ते जरा वाकले, गवताकडे पाहिले, दोन बोटांत चिमूटभर गवत धरून वाऱ्यावर सोडले आणि म्हणाले, "इथून झेंड्यापर्यंत एकशेचाळीस यार्ड. पण चढ आहे आणि वारा तोंडावर, म्हणून एकशेपंचावन्नची काठी." आबांना अक्षरओळख नव्हती, फक्त आकडे कळत. तरी अठराही होलच्या जमिनीचा उतार, कुठल्या झाडाखाली चेंडू अडकतो, पावसानंतर कोणत्या बाजूचे गवत चेंडू धरून ठेवते, हे सगळे त्यांच्या डोक्यात नकाशासारखे होते. साहेबाच्या हाती कोणती काठी द्यायची हे तो मागण्याआधी त्यांना ठाऊक असे.

या ज्ञानाची किंमत काय झाली, तेही सांगतो. एकदा एका बड्या अधिकाऱ्याने सहा नंबरची काठी मागितली. आबा म्हणाले, "साहेब, सात नंबर घ्या, पलीकडे पाणी आहे." साहेबाने सहाच घेतली. चेंडू पाण्यात. बरोबरचे हसले. साहेबाने फेरी संपल्यावर कॅडी मास्टरला सांगितले, हा माणूस खेळताना बडबडतो, याला आठवडाभर उभा करू नका. आठवडाभर आबा फाटकापर्यंत जाऊन परत येत. आईने त्या आठवड्यात तीन घरची धुणी जास्त धरली. आबांनी आम्हांला ही गोष्ट कधी सांगितली नाही. ती आईने सांगितली, आबा गेल्यानंतर.

पुढे त्या मैदानावर बॅटरीच्या गाड्या आल्या. एका गाडीत दोन साहेब, दोन पिशव्या आणि मागे पायरीवर लटकणारा एक कॅडी. जिथे दोघांना काम होते तिथे एकाला राहिले, आणि ते तरण्याबांड पोरांना मिळू लागले. आबा कोणाचे नोकर नव्हतेच. त्या मैदानाच्या लेखी कॅडी म्हणजे साहेबाने दिवसापुरता घेतलेला माणूस. त्यामुळे ना फंड, ना निरोप. एके दिवशी त्यांनी आपला पितळी बिल्ला परत करायला नेला, तर तो घ्यायलाही कोणी मोकळे नव्हते. म्हणून तो आमच्याकडे राहिला.

आता जपान. धाकटा नागोयाच्या बाजूला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याने पहिल्या शनिवारी आम्हांला फुकुई प्रांतात एईहेईजीला नेले. डोगेन या भिक्खूने १२४४ साली स्थापन केलेला हा झेन पंथाचा महाविहार. विहाराच्या अलीकडे दोनेक किलोमीटरचा एक अरुंद रस्ता आहे. पूर्वी तिथे रेल्वे होती, ती २००२ साली बंद पडली. त्या रस्त्यावर एक छोटी उघडी गाडी येऊन उभी राहिली. आम्ही बसलो. गाडी निघाली आणि मग आमच्या सहचारिणीच्या लक्षात आले की पुढे कोणी नाही! तिने आमचा दंड जो धरला तो उतरेपर्यंत सोडला नाही. धाकटा हसत म्हणाला, "आई, ही मुळात गोल्फची गाडी आहे. घाबरू नकोस, ताशी बारा किलोमीटरच्या वर जात नाही."

गोल्फची गाडी म्हटल्यावर आमचे कान टवकारले. त्याने समजावले ते असे. जपानातल्या गोल्फ मैदानांवर १९९० च्या दशकापासून अशा गाड्या आहेत. वाटेखाली एक तार पुरलेली असते. तिच्यातून हलकी वीज खेळवली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि गाडीच्या पोटाखालचे यंत्र ते हुंगत हुंगत चालते. कुठे हळू व्हायचे, कुठे थांबायचे याच्या खुणाही जमिनीतच पुरलेल्या. त्याच जातीच्या गाडीला कॅमेरे आणि जास्तीची यंत्रे बसवून एईहेईजीला रस्त्यावर आणली. ड्रायव्हरशिवाय प्रवासी नेण्याची ही परवानगी जपानात पहिल्यांदा या गावाला मिळाली आणि मे २०२३ मध्ये फेऱ्या सुरू झाल्या. दूर एका खोलीत बसलेला एकच माणूस पडद्यावर तीन गाड्यांवर लक्ष ठेवू शकतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात मात्र एक गाडी रस्त्याकडेला उभ्या केलेल्या सायकलीला जाऊन टेकली. इजा कोणाला झाली नाही, पण फेऱ्या थांबवल्या, आणि मार्च २०२४ मध्ये पुन्हा चालू केल्या. का टेकली, तर कॅमेऱ्याला ती सायकल आहे हे ओळखता आले नाही. आमच्या मनात आले, आबा ढोपरभर गवतातून पांढरा चेंडू हुडकायचे, आणि हिला सायकल दिसेना! पण ही चेष्टा झाली. यंत्र दुरुस्त होते, शिकते. आबांना कोणी शिकवू पाहिले नव्हते.

विहारात आम्ही पंचशील म्हटले. आमची पाली आणि त्यांची जपानी, पण हात जोडण्याची भाषा एकच. तिथे तरुण भिक्खू लाकडी जिने आणि ओसऱ्या ओल्या फडक्याने पुसत होते, वाकून, वेगाने. झाडणे-पुसणे ही तिथे साधनाच आहे. डोगेनने तर विहाराच्या स्वयंपाक्यासाठी १२३७ साली एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली, आणि त्या स्वयंपाक्याचे पद विहारात मोठ्या मानाचे समजतात. सहचारिणी बराच वेळ ते पुसणे पाहत उभी राहिली. तिची आई नगरपालिकेत झाडूकाम करून निवृत्त झाली. ती एवढेच म्हणाली, "इथं पुसणारा रोज बदलत असेल, नाही?"

हेच तर आहे. ओझे वाहण्यात हीनपणा नाही, ते पिढ्यान् पिढ्या एकाच घराने वाहावे यात आहे. आणि म्हणून यंत्र आले की आमच्यातल्या काही मंडळींच्या पोटात जो गोळा उठतो, तो आम्हांला समजतो पण पटत नाही. बाबासाहेब यंत्राच्या विरोधात कधीच नव्हते. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा खरपूस समाचार घेतला आहे. त्यांचे म्हणणे असे, की दोष यंत्राचा नाही, खाजगी नफ्याला देव मानणाऱ्या समाजरचनेचा आहे. आणि माणसाला जनावरासारखे राबण्यातून सुटून वाचायला, विचार करायला फुरसत मिळायची तर यंत्र हवेच. मजूरमंत्री असताना त्यांनी कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले, तेही या फुरसतीसाठीच. आबांच्या खांद्यावरची पिशवी गाडीने घेतली याचे आम्हांला दुःख नाही. गाडीने पिशवी घेतली आणि आबांना फुरसत नव्हे, उपास मिळाला, याचे आहे.

अमेरिकेतही असेच झाले. जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावी जगातले एक नामांकित गोल्फ मैदान आहे. तिथे मोठ्या स्पर्धेत १९८२ पर्यंत प्रत्येक खेळाडूला मैदानाचाच कॅडी घ्यावा लागे आणि ते कॅडी काळे असत. मैदानाचा पहिला काळा सभासद झाला तो १९९० साली. आणि बॅटरीच्या गोल्फगाड्या करणारा एक मोठा कारखाना १९५४ साली निघाला, तोही याच ऑगस्टात! चार्ली सिफोर्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू लहानपणी कॅडीच होता. व्यावसायिक गोल्फपटूंच्या संस्थेच्या घटनेत फक्त गोऱ्यांनाच प्रवेश असे कलम होते, ते १९६१ साली निघाले तेव्हा कुठे त्याला हक्काने खेळता आले, आणि तोवर त्याची चाळिशी जवळ आली होती. आपल्याकडे १९९१ साली अली शेर या एकेकाळच्या कॅडीने इंडियन ओपन जिंकली. ते कात्रण आबांनी बाबासाहेबांच्या तसबिरीमागे खोचून ठेवले होते. बाबासाहेबांच्या जन्मगावचा, महूचा मुकेश कुमार २०१६ साली वयाच्या ५१ व्या वर्षी दिल्लीत पॅनासोनिक ओपन जिंकला, ते पाहायला आबा नव्हते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, धाकट्याच्या साहेबांनी त्याला गोल्फला बोलावले होते, आणि आम्हांलाही आग्रहाने. आम्ही जेवणघराच्या सज्जात बसून पाहत होतो. चौघे खेळाडू, त्यांच्या चार पिशव्या गाडीच्या मागे उभ्या, आणि सोबत एक पन्नाशीच्या बाई. डोक्याला उन्हाची टोपी, हातात छोटे बटण. खेळाडू पुढे चालत निघाले की बाई बटण दाबत आणि रिकामी गाडी वळणावळणाने त्यांच्या मागे जाऊन शहाण्या बैलासारखी थांबे. बाई तोवर उखडलेल्या गवताच्या जागी वाळू भरत, झेंडा काढत, कोणाला काहीतरी सांगत. गाडीच्या पडद्यावर झेंडा किती यार्ड दूर ते उमटत होते. अमेरिका-इंग्लंडात आता खेळाडूच्या खिशातल्या यंत्राचा माग काढत मागे येणाऱ्या पिशवीगाड्याही निघाल्या आहेत, असे धाकटा म्हणाला. जपानात तर कॅडीशिवायच खेळणारे पुष्कळ झालेत. लोक या पडद्याला हुशार म्हणतात. आबांनी हेच यार्ड सांगितले तेव्हा ती बडबड ठरली होती.

तिथे नऊ होल झाले की सगळे जेवायला थांबतात. बाई जिन्याखाली पाणी पीत उभ्या होत्या. सहचारिणीला राहवले नाही. तिने धाकट्याला दुभाष्या केला आणि विचारले, गाडीमुळे बरे वाटते का? बाई म्हणाल्या, गुडघ्यांना बरे. पूर्वी इथे बऱ्याच जणी होतो, आता थोड्या उरलो. मग जरा थांबून म्हणाल्या, चेंडू कुठे वळेल ते पडद्याला अजून नीट कळत नाही, तोवर आम्ही आहोत.

धाकट्याने त्यांना सांगितले, माझे आजोबा भारतात हेच काम करत. 'कॅडी' हा शब्द त्यांच्या भाषेतही तोच आहे, त्यामुळे तेवढे आम्हांलाही कळले. बाईंनी पेला खाली ठेवला, दोन्ही हात मांड्यांवर टेकवून आमच्याकडे वळल्या आणि कमरेतून पूर्ण वाकल्या. आबांसमोर असे कोणी वाकलेले आम्ही पाहिले नव्हते. काय करावे ते सुचेना. सहचारिणीने हात जोडले आणि मोठ्याने "जयभीम" म्हटले. बाई हसल्या, तो शब्द त्यांनी एकदा हळूच म्हणून पाहिला, आणि वरून हाक आली तशा बटण हातात घेऊन गाडीकडे गेल्या.