बद्द आवाज

मडके घेताना माझी आई ते बोटाच्या पेराने वाजवून पाहत असे. खणखणीत वाजले तर घ्यायचे. बद्द वाजले तर, डोळ्यांना काही दिसत नसले तरी, आत तडा आहे असे समजून परत ठेवायचे. ही पारख मला अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत पुन्हा भेटेल, असे कधी वाटले नव्हते.

माझी मुलगी विद्यापीठात संमिश्र पदार्थांवर, म्हणजे कॉम्पोझिट्सवर, संशोधन करते. गेल्या दिवाळीनंतर मी तिची प्रयोगशाळा पाहायला गेले. केसाहून बारीक कार्बनतंतूंचे कापड, त्यात मुरवलेली इपॉक्सी राळ. असे थर वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक रचायचे आणि उष्णता व दाब देऊन पक्के करायचे. तंतू ताण सोसतात. राळ त्यांना धरून ठेवते आणि भार एकाकडून दुसऱ्याकडे पोचवते. २०११ साली प्रवासी सेवेत आलेल्या बोइंग ७८७ विमानाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग अशा पदार्थांचा आहे. मला मात्र आजोळची कुडाची भिंत आठवली: कारवीच्या काठ्या आणि वर शेणमातीचा लेप.

"तेच गं, आई," ती म्हणाली.

मग तिने जॉन कुक आणि जे. ई. गॉर्डन यांचे १९६४ सालचे काम समजावून सांगितले. तंतू आणि राळ जितके घट्ट चिकटतील तितका पदार्थ चिवट, अशी माझी समजूत. ती चुकीची निघाली. जोड फार सैल असला तर भार पोचत नाही, हे खरे. पण दोन्ही घटक ठिसूळ असताना तो फार घट्ट असला, तर तडा सरळ आरपार जातो. जोडाचे बळ पदार्थाच्या अंगभूत बळाच्या सुमारे एक-पंचमांशाहून कमी असेल, तर येणाऱ्या तड्यासमोर तो किंचित उघडतो, तड्याचे टोक बोथट होते आणि तडा वळतो. समीक्षा लिहिताना 'एकजीव' हा शब्द आपण किती सहज स्तुतीसाठी वापरतो!

याच पदार्थाची एक अडचणही आहे. वरून पाना निसटून पडला, तर धातूला पोचा पडतो, तो दिसतो. इथे पृष्ठभाग जवळजवळ जसाच्या तसा राहतो आणि आतले थर एकमेकांपासून सुटतात. पुढे दाब आला की पट्टी अपेक्षेपेक्षा फार लवकर मोडते. ध्वनिलहरींची यंत्रे आहेतच. पण साधी तपासणी नाण्याने होते. तिने रुपयाचे नाणे पट्टीवर वाजवत नेले. टण, टण, टण. आणि एका जागी बद्द.

बारावीनंतर तिने अभियांत्रिकी निवडली तेव्हा मी एकदाच म्हणाले होते, "म्हणजे या घरात वाचणारी मी शेवटची." तो विषय पुन्हा निघाला नाही. त्यानंतर आम्ही नीट बोलत आलो: प्रकृती, स्वयंपाक, गाडीच्या वेळा. पुस्तकाविषयी मात्र ती माझ्याशी एकदाही बोललेली नाही.

"ही दुरुस्त कशी करतात?" मी विचारले.

"वरून लेप देऊन चालत नाही. सुटलेले थर उतार देत घासून काढायचे, अगदी आतपर्यंत. मग त्याच दिशांनी नवे थर भरायचे."

संध्याकाळी ती मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. मी विचारले, "ते वाक्य तुला आठवतं?"

कोणते, असे तिने विचारले नाही. "आठवतं," म्हणाली.

बस आली. मी ती जाऊ दिली.